तगाई ते थेट खाते : शेतकऱ्यास राज्याचे साहाय्य आणि नोंदवहीतले नाव

तगाई हा शब्द आता आपल्या बोलण्यातून जवळजवळ लोपला आहे. जुन्या दस्तऐवजांच्या पेटीत, एखाद्या जीर्ण पावतीवर तो अजून आढळतो एवढेच. बळकटी देणे या अर्थाचा हा शब्द अरबी-फारसीतून आला. हिंदी मुलखात त्याचे तकावी झाले, गुजरातीत तगावी आणि मराठीत तगाई. मराठी कानाला त्यात ‘तगणे’ हे क्रियापद ऐकू येते. व्युत्पत्ती म्हणून ते बरोबर नसले तरी अर्थ म्हणून चुकीचे नाही. हंगाम हुकलेल्या कुणब्याने पुढच्या पावसापर्यंत तगावे, यासाठी राज्याने दिलेला आधार म्हणजे तगाई.

आज या आधाराचे रूप बदलले आहे. केंद्र आणि राज्य सरकारे शेतकऱ्याच्या बँकखात्यात परस्पर रक्कम जमा करतात. अर्ज, हेलपाटे, मध्यस्थ यांतून शेतकरी बराचसा सुटला, ही मोठीच सुधारणा होय. आमची हयात महसूल खात्यात गेल्यामुळे तिचे मोल आम्ही जाणतो. तथापि पैसा पोहोचवण्याची रीत सुधारत असताना एक मूळ प्रश्न मात्र हळूहळू बाजूस पडला, अशी आमची धारणा आहे. साहाय्य कोणास द्यावयाचे, कसणाऱ्यास की ज्याचे नाव कागदावर आहे त्यास, हा तो प्रश्न. इतिहासाच्या आधारे त्याचा थोडा मागोवा घेण्याचा येथे विचार आहे.

शेतकऱ्यास कर्जाऊ मदत देण्याची चाल आपल्याकडे पुष्कळ जुनी आहे. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त महसूल अधिकाऱ्यास सूचना आहे की, गरजू शेतकऱ्यास पैसा द्यावा आणि तो सावकाशीने वसूल करावा. सतराव्या शतकाच्या सहाव्या दशकात दख्खनचा मोगल दिवाण मुर्शिद कुलीखान याने उजाड गावे वसवताना बैल आणि बियाणे यांसाठी रयतेस रकमा दिल्या आणि हंगामावर हप्त्यांनी त्या परत घेतल्या. परंतु या विषयातील आपल्या भाषेतला सर्वांत बोलका पुरावा म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांनी ५ सप्टेंबर १६७६ रोजी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहिलेले पत्र होय.

या पत्राचा उल्लेख आपण व्याख्यानांतून वारंवार ऐकतो, पण त्यातील कारभाराचा तपशील क्वचितच कोणी सांगतो. सुभेदाराने कचेरीत न बसता गावोगाव फिरावे, कुणबी गोळा करावे आणि प्रत्येकाची स्थिती पाहावी, असा हुकूम आहे. ज्याच्या हाती शेत करण्याचे बळ आहे, माणसे आहेत, पण बैल नाही, पोटास दाणा नाही, आणि त्यामुळे जो अडून बसला आहे, त्यास बैलांसाठी रोख पैसा द्यावा, खाण्यासाठी खंडी-दोन खंडी धान्य द्यावे. परतफेडीच्या वेळी वाढीदिडी घेऊ नये. केवळ मुद्दल, तेही त्याला शक्ती येईल तसतसे, थोडेथोडे घ्यावे. या एका कामासाठी दोन लाख लारीपर्यंत खर्च करण्याची मोकळीक सुभेदारास दिली आहे. लारी हे त्या काळी कोकणपट्टीच्या व्यापारात चालणारे चांदीचे नाणे. मागील बाकी ज्या कुणब्याकडून येणे शक्य नाही, तिचाही विचार करण्यास सांगितले आहे. रयतेकडून वसूल रोखीने न घेता पिकाच्या रूपाने घ्यावा आणि माल साठवून योग्य हंगामी विकावा, हेही त्यात आहे.

खात्यात काम केलेल्या माणसास या पत्रातील एक गोष्ट विशेष जाणवते. पात्रतेची कसोटी जमिनीचा कागद ही नाही. अंगी कसण्याचे बळ आणि साधनांची वाण, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की तो मनुष्य साहाय्यास पात्र. आणि हे ठरवण्याचे काम सुभेदाराच्या पायांवर आणि डोळ्यांवर सोपवले आहे.

यात करुणा होती तसा हिशेबही होता. त्या काळी जमीन उदंड आणि कसणारे हात थोडे, अशी स्थिती होती. जाच वाढला की कुणबी गाव सोडून शेजारच्या मुलखात जाई आणि राज्याचा महसूल त्याच्याबरोबर जाई. म्हणून राज्यकर्त्यांस रयतेस धरून ठेवणे भाग होते. पेशवाईतील कौल आणि इस्तावा यांचे मर्म हेच आहे. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्यास पहिल्या वर्षी नाममात्र धारा, मग वर्षावर्षाने चढता आणि ठरलेल्या मुदतीनंतर पुरा, हा इस्तावा. त्यास तगाईची जोड मिळे आणि कमाविसदार पुढील पिकावर ती फेडून घेई. कमाविसदार चांगला असला तर गाव वसे. लोभी असला तर तगाईही त्याच्या घरात जिरे. हेही आपल्या इतिहासातलेच आहे, ते झाकण्याचे कारण नाही.

माळव्यात राहणाऱ्या आपल्या वाचकांस याचे उदाहरण दूर शोधावयास नको. पेंढाऱ्यांच्या धामधुमीत येथील शेकडो खेडी ओस पडली होती. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला, होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि विठ्ठल महादेव किबे ऊर्फ तात्या जोग यांच्याकडे दिवाणगिरीचा कारभार राहिला. तिजोरी रिकामी आणि रयत परागंदा, अशा स्थितीत त्यांनी राज्याची घडी बसवली. ओसाड गावे पुन्हा कशी वसू लागली याचे वर्णन सर जॉन माल्कम यांनी १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथात केले आहे. तेव्हाही मुख्य प्रश्न परत आलेल्या माणसाच्या हाती नांगर देण्याचा होता. त्याचे नाव कोणत्या वहीत आहे, हा नव्हता.

इंग्रजी अंमलात हे समीकरण उलटले. १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या मोजणीची पद्धत सुरू झाली. प्रत्येक शेताची मोजणी, प्रतवारी, ठरावीक मुदतीचा आकार आणि प्रत्येक शेतापुढे एक खातेदार, असे तिचे स्वरूप होते. पुढील काही दशकांत हे खाते विकता येऊ लागले, गहाण ठेवता येऊ लागले. लोकसंख्या वाढली, पडीक जमीन संपत आली आणि आता हात उदंड व जमीन थोडी झाली. सावकार पूर्वीही होता, पण पूर्वी तो पिकाकडे पाही. आता तो जमिनीकडे पाहू लागला. याचा स्फोट १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे झाला. पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगावच्या कुणब्यांनी सावकारांकडील कर्जरोखे हिसकावून जाळले. त्यांचा राग मुख्यतः त्या कागदांवर होता, हे दंग्यांच्या चौकशीतही दिसून आले.

त्यानंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा आला. कर्जरोख्यामागील खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयास दिला. न्यायमूर्ती रानडे आणि विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना पुढे मांडली. हिंदुस्थान सरकारची तिला अनुकूलता असताना विलायतेतील भारतमंत्र्यांनी ती फेटाळली. आणि १८८३ व १८८४ मध्ये तगाईचे दोन प्रसिद्ध कायदे झाले. पहिला विहिरी, ताली, बांधबंदिस्ती अशा जमिनीच्या सुधारणेसाठी. दुसरा बी-बियाणे, बैल आणि दुष्काळातील अडचणीसाठी. आमच्या पिढीने सेवेत प्रवेश केला तेव्हाही जुन्या अधिकाऱ्यांच्या तोंडी ‘१८८३ ची तगाई’ आणि ‘१८८४ ची तगाई’ असेच शब्द असत.

हे कायदे सदुद्देशाने झाले होते. परंतु त्यांनी तगाईचा पाया बदलला. तगाईची बाकी जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ लागली. म्हणजे कर्ज थकले तर जप्ती, आणि शेवटी जमिनीचा लिलाव. तारण हवे म्हणून खाते हवे. ज्याच्या नावे खाते नाही, त्याने जामीन आणावा. महाराजांच्या पत्रात माणसाचे बळ हे तारण होते. आता जमीन हे तारण झाले. कुळाने, वाटेकऱ्याने, बटाईवाल्याने तगाई मागितली तर मामलेदाराच्या कचेरीत त्याची पत शून्य. येथून पुढे राज्याचे साहाय्य आणि नोंदवहीतले नाव यांची जी गाठ पडली, ती आजतागायत सुटलेली नाही.

आपल्या संस्थानांतही कमीअधिक फरकाने हेच घडले. बडोद्याचे सयाजीराव महाराज स्वतः मालेगावजवळच्या कवळाणे गावच्या शेतकरी घरातून गादीवर आलेले. जमीनमहसुलाच्या बोज्याबद्दल लॉर्ड कर्झन यांना जाहीर पत्रे लिहिणारे रमेशचंद्र दत्त यांना त्यांनी १९०४ मध्ये आपले महसूलमंत्री केले. १८९९-१९०० च्या छप्पनियाच्या दुष्काळाने गुजरात आणि माळवा दोन्ही होरपळले, तेव्हा तगाव्या आणि सूट यांची किंमत सर्वांनाच कळली. तरीही यादी उतरे ती खातेदारांचीच.

स्वातंत्र्यानंतर सरकारी मदतीचे मोजमाप प्रथमच नीट झाले. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ साली ग्रामीण कर्जाची पाहणी केली. गोरवाला समितीने १९५४ मध्ये तिचा अहवाल दिला. धनंजयराव गाडगीळ तिचे एक सदस्य होते. शेतकऱ्याने काढलेल्या एकूण कर्जात सरकारचा वाटा ३.३ टक्के आणि सहकारी संस्थांचा ३.१ टक्के निघाला. सुमारे ७० टक्के कर्ज सावकाराचे होते. शंभर वर्षांच्या तगाईचा ताळेबंद एवढाच. पुढे सहकार वाढला, १९६५ मध्ये कृषी मूल्य आयोग आला, १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९९८ मध्ये किसान क्रेडिट कार्ड आले. पीकविम्याचा पाया घालण्यात पुण्याचे वि. म. दांडेकर यांचा मोठा वाटा. एकेका शेताऐवजी सबंध टापूचे उत्पन्न धरून भरपाई ठरवावी, हा विचार त्यांनी मांडला, आणि त्याच धर्तीवर १९७९ मध्ये प्रायोगिक व १९८५ मध्ये देशव्यापी योजना सुरू झाली. २००८ ची केंद्राची कर्जमाफी सर्वांस स्मरत असेल. तिचा लाभही ज्याच्या नावे बँकेचे कर्ज होते त्यालाच झाला. सावकाराकडून घेणारा वाटेकरी त्यात कोठेच नव्हता.

मग आली थेट रकमेची पद्धत. तेलंगण राज्याने मे २०१८ मध्ये रयतु बंधू योजना सुरू केली. प्रत्येक हंगामास एकरी ४,००० रुपये, पुढील वर्षापासून ५,००० रुपये. पहिल्या हंगामात गावोगाव धनादेश वाटले गेले, नंतर रक्कम खात्यात जाऊ लागली. पट्टादार पासबुक असलेल्यास लाभ, कुळास नाही, हे तिचे सूत्र होते. जानेवारी २०२५ मध्ये रयतु भरोसा या नावाने ही रक्कम हंगामास एकरी ६,००० रुपये झाली. भूमिहीन शेतमजूर कुटुंबांसाठी वर्षास १२,००० रुपयांची वेगळी योजनाही त्या सरकारने जाहीर केली. ओडिशाच्या २०१८-१९ मधील कालिया योजनेने आरंभापासूनच वाटेकरी आणि भूमिहीन यांना सामावून घेतले होते. दरम्यान केंद्राने १ फेब्रुवारी २०१९ च्या अर्थसंकल्पात किसान सन्मान निधी जाहीर केला. वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. प्रारंभी दोन हेक्टरांची मर्यादा होती. त्याच वर्षी ती उठवून सर्व जमीनधारक कुटुंबांना योजना लागू केली. मध्य प्रदेशाने २०२० पासून आणि महाराष्ट्राने २०२३ पासून त्यात आपली भर घातली.

या योजनेची वगळणूक वाचण्यासारखी आहे. आयकर भरणारे, दहा हजार रुपये वा अधिक मासिक निवृत्तिवेतन घेणारे, व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, अभियंते, सनदी लेखापाल यांना ती मिळत नाही. म्हणजे आमच्यासारखा निवृत्त अधिकारी, शेत नावावर असूनही, बाहेर. हे योग्यच झाले. पण ज्याला नक्की द्यावयास हवे त्याचे काय? १ फेब्रुवारी २०१९ रोजी ज्याचे नाव जमिनीच्या अभिलेखात होते तो पात्र. त्यानंतर झालेल्या हस्तांतरात केवळ वारसाहक्काचा अपवाद. बटाईने दहा एकर कसणारा, पण स्वतःच्या नावे एक बिघाही नसलेला मनुष्य या योजनेच्या दृष्टीने शेतकरीच नाही.

याचा परिणाम कसा होतो हे आम्ही नोकरीत वर्षानुवर्षे पाहिले आहे. मध्य प्रदेशात नैसर्गिक आपत्तीतील नुकसानीची मदत राजस्व पुस्तक परिपत्रकाच्या ६-४ या क्रमांकाखाली दिली जाते, आणि खात्यात तिचे नावच ‘सहा-चार’ पडले आहे. गारपीट झाली की पटवारी आणि आम्ही बांधावर जात असू. आडव्या पडलेल्या गव्हाजवळ उभा असलेला मनुष्य हात जोडून सांगे, बियाणे माझे, खत माझे, मजुरी माझी, आणि पीक निम्मे माझे. पंचनाम्यात सारे लिहिले जाई. परंतु यादी सहसा खसऱ्यावरून उतरे, आणि खसऱ्यातले नाव शहरात राहणाऱ्या मालकाचे असे. रक्कम त्याच्या खात्यात जाई. काही मालक ती बोलावून वाटेकऱ्याच्या हाती ठेवीत; अर्धी देणारेही होते; आणि ज्यांना गारपीट झाल्याचेच ठाऊक नसे, असेही होते. यात बेकायदेशीर काहीच नव्हते, आणि तोच त्यातला सल होता.

आता आपल्याच घरांकडे येतो. या त्रैमासिकाच्या वाचकांत अशी अनेक कुटुंबे आहेत की ज्यांचे पूर्वज शिंदे, होळकर, गायकवाड, पवार यांच्या चाकरीत येऊन इनाम, माफी, जहागीर पावले. मध्य भारतात १९५१ च्या कायद्यांनी जमीनदारी आणि जहागिरी गेल्या. घरखेडीची जमीन उरली. वडोदऱ्याकडच्या कुटुंबांनी १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन पाहिला. बेळगावकडे १९७४ च्या दुरुस्तीनंतर कुळांनी सात नंबरचे अर्ज भरले, गोव्यात १९७६ मध्ये कूळ कायद्यास दुरुस्ती होऊन कसणाऱ्यास मालकी मिळाली, आणि हैदराबादेत १९५० च्या कायद्याने संरक्षित कुळे झाली. या साऱ्याची आठवण आपल्या घरांत अजून ओली आहे. वाटेकऱ्याचे नाव कागदावर चढले की शेत गेले, ही धास्ती त्या आठवणीतून आलेली आहे. तिला हसण्यात अर्थ नाही. म्हणूनच आज बहुतेक बटाई तोंडी चालते, दरवर्षी वाटेकरी बदलला जातो, आणि खसरा असो, सातबारा असो की गोव्यातला एक-चौदाचा उतारा असो, कसणाऱ्याचा त्यात मागमूस नसतो.

कित्येक उताऱ्यांवर तर पणजोबांचेच नाव उभे आहे. नामांतरण झालेले नाही, वारस चार शहरांत पांगलेले, त्यामुळे मदत ना मालकास मिळते ना कसणाऱ्यास. गावातला मनुष्य राबतो, सरकारात पैसा मंजूर असतो, आणि मध्ये एका दिवंगताचे नाव आडवे येते.

यावर मार्ग नाही असे नाही. एकत्रित आंध्र प्रदेशाने २०११ मध्ये परवानाधारक शेतकऱ्यांचा कायदा करून, मालकीस धक्का न लावता, कुळास कर्जपात्रतेचे कार्ड दिले. नीती आयोगाने २०१६ मध्ये जमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा सुचवला. त्यात मालकाची मालकी निर्वेध ठेवून कसणाऱ्यास कर्ज, विमा आणि आपत्तीची मदत मिळावी अशी योजना आहे. मध्य प्रदेशातही त्याच वर्षी भूमिस्वामी आणि बटाईदार या दोघांच्या हितरक्षणासाठी विधेयक आणले गेले. अलीकडच्या वर्षांत येथील गहू खरेदीच्या नोंदणीत सिकमी किंवा बटाईदारास करारनाम्याच्या आधारे आपले नाव नोंदवता येते. पीकविम्याच्या नियमांतही वाटेकऱ्यास जागा आहे. अडते ते करारनाम्याच्या कागदावर, आणि तो कागद देणे मालकाच्या हाती आहे.

म्हणून आमचे सांगणे शासनापेक्षा आपल्या समाजास अधिक आहे. आपल्या नावे शेत असेल आणि दुसरा कोणी ते कसत असेल, तर दोन कामे आपण करू शकतो. एक, वारसांची नोंद आणि वाटणी वेळेवर उरकावी. दुसरे, आपल्या राज्याचा कायदा ओळखणाऱ्या वकिलाच्या सल्ल्याने मुदतीचा लेखी करार करावा आणि त्याची प्रत कसणाऱ्यास द्यावी. तोवर निदान एवढे तरी पाळावे की, पिकाच्या नुकसानीपोटी आलेला पैसा ज्याचे बियाणे मातीत गेले त्याच्यापर्यंत पोहोचेल. आपत्तीची मदत हे जमिनीचे भाडे नव्हे.

साडेतीनशे वर्षांपूर्वी सुभेदाराजवळ संगणक नव्हता, नकाशा नव्हता, बँक नव्हती. होता तो गावोगाव फिरण्याचा हुकूम. आज साऱ्या देशाचे सातबारे पडद्यावर येतात आणि पैसा क्षणात पोहोचतो. परंतु बांधावर कोण उभा आहे हे पडद्यावर दिसत नाही. ते ज्यांना ठाऊक आहे त्यांत गावचा पटवारी आहे, गावकरी आहेत, आणि आपणही आहोत. ठाऊक असूनही आपण ते कागदावर येऊ द्यायचे की नाही, एवढाच आता प्रश्न उरतो.